स्मृतीच्या आधीपासूनची महाराष्ट्राची टीम

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईच्या डी वाय पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप उचलला आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या सगळ्या ग्रुपवर नुसतं सांगली सांगली चाललं होतं. चालायलाच पाहिजे, सांगलीच्या स्मृती मानधनाने त्या वर्ल्ड कपमध्ये 434 रन काढले. पण एवढ्या कौतुकात एक गोष्ट राहून गेली असं मला सारखं वाटत राहिलं, की निळ्या जर्सीच्या आधी ही मुलगी महाराष्ट्राच्या टीममध्ये वाढली, आणि ती टीम काही कालपरवाची नाही, भारतात बायकांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली तेव्हापासून ती आहे. आणि ती पहिली स्पर्धा झाली कुठे, तर पुण्यात!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते, आपल्या राज्यातून क्रिकेटच्या तीन टीम खेळतात, मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. यातली महाराष्ट्र म्हणजे पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक आणि असे बाकीचे जिल्हे. मुंबईला मैदानं आहेत, क्लब आहेत, लोकल आहे, तिथं 1969 मध्येच आलू बामजींनी अल्बीज नावाचा बायकांचा क्लब सुरू केला होता, डायना एडल्जी त्याच क्लबमधून पुढे आली. आमच्याकडच्या पोरींना मात्र नेट प्रॅक्टिससाठी सुद्धा गाव सोडायला लागायचं, कितीतरी जणींना अजून लागतं.

तर 1973. त्या वर्षी महेंद्रकुमार शर्मा नावाच्या लखनौच्या माणसाने विमेन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली आणि एप्रिलमध्ये पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. टीम किती होत्या? 3. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, बस. आता 3 टीमची कसली राष्ट्रीय स्पर्धा असं कुणाला वाटेल पण त्याच वर्षाच्या शेवटी वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली तेव्हा 8 टीम आल्या आणि कलकत्त्याला तिसरी झाली तेव्हा 14. म्हणजे मुली देशभर होत्याच, फक्त कुणीतरी स्टंप रोवून या खेळायला असं म्हणायची खोटी होती. ते पहिलं म्हणणं पुण्यात झालं याचा मला फार अभिमान वाटतो, आणि पुण्यात एवढ्या गोष्टींचे फलक लावलेत पण याचा कुठे दिसत नाही याचं वाईट पण वाटतं. पुढे या संघटनेच्या अध्यक्ष सुद्धा आपल्याकडच्याच होत्या, कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण.

1975 मध्ये ऑस्ट्रेलियाची 25 वर्षांखालची टीम भारतात आली, तीन मॅच, पुणे दिल्ली कलकत्ता, आणि भारताने तिन्ही मॅचला वेगवेगळी कॅप्टन दिली. पुण्याच्या मॅचची कॅप्टन होती उज्ज्वला निकम. या मॅचना अधिकृत टेस्टचा दर्जा नाही म्हणून रेकॉर्डमध्ये त्या कुठे सापडत नाहीत, पण परदेशी टीमसमोर भारताच्या मुली पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या अशा. पहिली अधिकृत टेस्ट त्यानंतर वर्षभराने, 1976 ला बंगलोरमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध.

आणि त्या टेस्टमध्ये होती पुण्याची शुभांगी कुलकर्णी, वय 17, लेगस्पिन टाकणारी. मी शुभांगीताईंबद्दल खूप बोलू शकते त्यामुळे थोडं सहन करा. 19 टेस्ट, 60 विकेट. टेस्टमध्ये साठ! बायकांच्या टेस्ट आता वर्षाला एखादी झाली तरी नशीब, त्यामुळे हा आकडा आत्ताच्या कुणा बॉलरला गाठता येईल असं मला वाटत नाही. 1985 ला अर्जुन पुरस्कार, 1986 च्या इंग्लंड दौऱ्यात भारताची कॅप्टन. आणि खेळणं संपल्यावर घरी बसल्या नाहीत, संघटनेच्या सेक्रेटरी झाल्या, 2006 मध्ये बायकांचं क्रिकेट बीसीसीआयमध्ये, म्हणजे भारताच्या क्रिकेट बोर्डात, विलीन झालं तेव्हा सेक्रेटरी त्याच होत्या. म्हणजे भारताच्या पहिल्या टेस्टपासून बोर्डात जाईपर्यंतचा सगळा प्रवास आपल्या टीमच्या एका खेळाडूने आतून बघितलाय.

2006 च्या आधीचं खेळणं कसं होतं ते त्या काळातल्या खेळाडूंनी सांगितलंय, रिझर्वेशन नसलेले डबे, डॉर्मिटरीत खाली गादी टाकून झोपणं, टीममध्ये दोनचार बॅट आणि आउट होऊन येणारी आत जाणारीला तीच देणार. मॅच फी वगैरे काही नाही. ऐंशीच्या दशकात रेल्वेने बायकांची टीम काढली आणि नोकऱ्या द्यायला लागली तशा राज्यांच्या टीममधल्या चांगल्या मुली रेल्वेकडे गेल्या. त्यात त्यांचं काय चुकलं, पगार होता, पेन्शन होतं, घरचे क्रिकेट खेळू द्यायला तयार होत होते. पण मग स्पर्धा जिंकणार कोण, तर रेल्वे. अगदी मे 2022 मध्ये सिनियर टी-ट्वेंटीच्या फायनलला महाराष्ट्र पोचला तेव्हा सुद्धा समोर रेल्वेच होती आणि रेल्वेच जिंकली. तरी फायनलपर्यंत गेलो याचा आनंद मला आठवडाभर पुरला.

मधल्या काळात या टीमने किती जणी दिल्या बघा. कोल्हापूरची अनुजा पाटील, ऑफस्पिनर, 2012 पासून भारताकडून टी-ट्वेंटी खेळली, महाराष्ट्राची कॅप्टन होती. नाशिकची माया सोनवणे, जिची बॉल टाकायची ॲक्शन बघून लोक व्हिडिओ रिवाइंड करत बसले होते. पुण्याची तेजल हसबनीस. पुण्याचीच देविका वैद्य, 17 वर्षांची असताना भारताकडून खेळली, मग टीमबाहेर, मग परत. 11 डिसेंबर 2022 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची मॅच आठवत असेल तर शेवटच्या बॉलला 5 पाहिजे होते आणि देविकाने चौकार मारून मॅच टाय केली, 187 ला 187, मग सुपर ओव्हरमध्ये आपण जिंकलो. त्याच मॅचमध्ये स्मृतीने 79 मारले होते. म्हणजे पूर्ण वर्षात न हरलेल्या ऑस्ट्रेलियाला हरवण्यात महाराष्ट्राच्या टीमच्या दोघी होत्या आणि हे तेव्हा कुणी लिहिलं नाही म्हणून मी आज लिहितेय.

स्मृतीचं तर काय, 9 व्या वर्षी महाराष्ट्राची अंडर 15, 11 व्या वर्षी अंडर 19. ऑक्टोबर 2013 मध्ये वडोदऱ्याला अंडर 19 च्या मॅचमध्ये गुजरातविरुद्ध 150 बॉलमध्ये नाबाद 224, आणि ते पण राहुल द्रविडने दिलेल्या बॅटने. वनडे मॅचमध्ये डबल सेंच्युरी मारणारी पहिली भारतीय मुलगी, आणि अंगावर टी-शर्ट महाराष्ट्राचा.

पण माझी सगळ्यात आवडती किरण नवगिरे. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, आधी भाला आणि गोळाफेक करणारी, क्रिकेट उशिरा हातात आलं. महाराष्ट्रात पुरेशी संधी मिळेना म्हणून नागालँडकडून खेळायला गेली आणि 2022 मध्ये अरुणाचलविरुद्ध 76 बॉलमध्ये नाबाद 162, टी-ट्वेंटीत दीडशे पार करणारी पहिली भारतीय. त्याच्या पुढच्या महिन्यात पुण्याजवळच्या गहुंजेला, म्हणजे आपल्याच मैदानावर, विमेन्स टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये 34 बॉलमध्ये 69. डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे विमेन्स प्रीमियर लीगमध्ये, बॅटला स्पॉन्सर नव्हता तर तिने बॅटवर धोनीचं नाव आणि त्याच्या जर्सीचा नंबर 07 लिहिलं आणि पन्नास मारले. मग ती महाराष्ट्राकडे परत आली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नागपूरला पंजाबविरुद्ध 34 बॉलमध्ये सेंच्युरी, बायकांच्या टी-ट्वेंटीतली जगातली सगळ्यात फास्ट, सोफी डिव्हाईनचा 36 बॉलचा रेकॉर्ड मोडला. टीमच्या एकूण धावांमध्ये तिच्या 106 आणि बाकीच्यांच्या मिळून मोजक्याच. ही इनिंग टीव्हीवर यायला पाहिजे होती असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर 2025 मध्ये बोर्डाने घरच्या स्पर्धा खेळणाऱ्या सिनियर मुलींची मॅच फी दिवसाला 20,000 वरून 50,000 केली, हे वर्ल्ड कपमुळे झालं आणि बरं झालं. गादी टाकून झोपणाऱ्यांना याची कल्पना पण करता आली नसती.

आता माझी एक विनंती आहे. 1973 च्या त्या टीममधल्या मुली आज सत्तरीत असतील. तुमच्या घरात, सोसायटीत, आईच्या मैत्रिणींमध्ये कुणी त्या काळात महाराष्ट्राकडून किंवा जिल्ह्याकडून खेळलेली असेल तर तिला भेटा, जुने फोटो बघायला मागा, कोण कोण आहे ते नीट विचारून फोटोच्या मागे नावं, गाव आणि साल लिहून घ्या, स्कोअरबुक असेल तर मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा. आणि गहुंजेच्या स्टेडियममध्ये या टीमसाठी एक भिंत मिळावी म्हणून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला मी पत्र लिहितेय, ज्यांना सही करायची आहे त्यांनी मला कळवा.