पावसाचं काही खरं नाही

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हाच ठरवलं की मैदान, प्रार्थना, घंटा, डब्यातली भाकरी यांतलं काही लिहायचं नाही. ते बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मला लिहायचंय एका शब्दावर. आपल्या शाळेत भेटला आणि पुढे माझ्या पोटापाण्यातच शिरला. शब्द इंग्रजी आहे: अनलाइकली.

आठवीचा वर्ग. आमची बॅच पाचवीत एबीसीडी गिरवलेली, त्यामुळे आठवीतही इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकांवर गर्दी. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘रेन इज अनलाइकली टुडे.’ माणदेशात हे वाक्य वर्षातून कुठल्याही दिवशी फळ्यावर लिहा, खपून जाईल. अर्थ विचारला. मी उठून ठोकून दिलं, “आज पाऊस अशक्य आहे.”

“अशक्य? तू काय वरुणराजाचा कारकून लागून गेलास? अशक्यच असतं तर तुझ्या वडलांनी रान नांगरून कशाला ठेवलं असतं?”

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. “घरी आभाळाकडं बघून काय म्हणतात?”

“म्हणतात, पावसाचं काही खरं नाही.”

“हां. हेच लिही वहीत.”

पुढे कितीतरी शब्दकोश चाळले, पण याच्याहून चोख भाषांतर मला कुठे सापडलेलं नाही. ‘काही खरं नाही’ म्हणणारा माणूस आशा सोडत नाही, फक्त पैज लावत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं आमच्या घराघरात होती. पाऊस ‘अशक्य’ म्हणायची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

चाचणीत सरांनी याच शब्दाची जात विचारली. शेवटी ‘ली’ आला की क्रियाविशेषण, हा नियम आम्ही पाढ्यासारखा पाठ केलेला: स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. मी बिनधास्त क्रियाविशेषण लिहिलं आणि अर्धा गुण गेला. सरांनी मग नीट उलगडून सांगितलं. विशेषणाला ‘ली’ लागला तर सहसा क्रियाविशेषण होतं, पण नामाला लागला तर बहुतेक वेळा विशेषणच होतं. फ्रेंडचं फ्रेंडली, कॉस्टचं कॉस्टली. अनलाइकलीही विशेषणच. त्यातला ‘लाइक’ आवडण्यातला नव्हे, सारखेपणातला, हे मला फार पुढे कळलं. जे खऱ्यासारखं दिसतं ते लाइकली, दिसत नाही ते अनलाइकली. म्हणजे इंग्रज आणि आमचे वडील, दोघंही फिरून ‘खरं’ या शब्दापाशीच येऊन थांबले होते!

खरी गंमत माणसांच्या बाबतीत व्हायची. ‘द गेस्ट इज अनलाइकली टु कम’ हे वाक्य आम्हाला पटेना. पाहुणा कसा काय अनलाइकली? सर म्हणाले, “पाहुण्यात खोट नाही रे, त्याच्या येण्यात आहे. इंग्रजी ती उचलून पाहुण्याच्या अंगाला चिकटवते.” आम्हाला वाटलं, चला, एक चावी मिळाली, आता सगळी कुलपं उघडतील. मी रजेचा अर्ज लिहिला: ‘आय अ‍ॅम इम्पॉसिबल टु कम टु स्कूल.’ सरांनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. “तू इम्पॉसिबल आहेस हे आम्हाला ठाऊकच आहे. शाळेत येणार की नाही, तेवढं सांग!” ही चावी लाइकली-अनलाइकलीला चालते. पॉसिबल, इम्पॉसिबल, इम्प्रॉबेबल यांना माणसाच्या गळ्यात अशी बांधता येत नाही. तिथे ‘इट इज इम्पॉसिबल फॉर मी’ अशी वाट धरावी लागते. मोठमोठ्या साहेबांच्या ईमेलमध्ये आजही ‘ही इज नॉट पॉसिबल टु कम’ वाचतो, तेव्हा मला तो रजेचा अर्ज आठवतो.

पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा हवाई सुंदरी शांतपणे म्हणाली, ‘इन द अनलाइकली इव्हेंट ऑफ अ वॉटर लँडिंग…’ मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिला म्हणायचं होतं, असं काही व्हायचं नाही, पण झालंच तर. मला ऐकू आलं ते सरांचं: अशक्य नव्हे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर खरोखरच एक विमान उतरलं आणि आतले १५५ च्या १५५ जण वाचले. ती बातमी वाचताना आधी विमान नाही, आठवीचा फळाच डोळ्यापुढे आला.

आता पुण्यात भाषांतरं करतो. हवामानबदलाचे अहवाल येतात. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामानबदलावरच्या समितीने असल्या शब्दांना चक्क आकडे बांधून दिलेत. अनलाइकली म्हणजे ० ते ३३ टक्के, व्हेरी अनलाइकली ० ते १०, एक्सेप्शनली अनलाइकली ० ते १. ‘असंभाव्य’ लिहावं तर वाचणारा ‘असंभव’ वाचतो, म्हणजे पुन्हा माझं आठवीतलं ‘अशक्य’. म्हणून मी ‘शक्यता कमी’ लिहितो आणि शेजारी आकडा ठेवतो. ‘काही खरं नाही’ लिहायची अजून छाती झालेली नाही. शिवाय ३३ टक्के म्हणजे तीनात एक. आमच्याकडे तेवढ्या भरवशावर लोक पेरणी उरकतात.

या शब्दाचा आणखी एक अर्थ सरांनी तास संपता संपता सांगितला होता. नामाच्या आधी आला की कधी कधी तो टक्केवारी सांगत नाही, नवल सांगतो. अनलाइकली हीरो म्हणजे कुणाच्या ध्यानीमनी नसलेला नायक. घंटा झाली, त्यामुळे वहीत एवढंच आहे.

परवा संयोजकांना फोन केला. सर समारंभाला येणार का, विचारलं.

“वय झालंय हो त्यांचं. अवघडच दिसतंय,” ते म्हणाले.

अशक्य म्हणाले नाहीत. स्वारगेटहून पहाटेची एस्टी धरतोय. पुढच्या रांगेत एक खुर्ची तेवढी मोकळी ठेवा.