न्युरेंबर्गच्या चौकातला नाताळ

जर्मनीतल्या न्युरेंबर्गला नाताळात जाणार असाल तर दुपारी बाराच्या आत हाउप्टमार्क्ट, म्हणजे तिथला मुख्य चौक गाठाच. फ्राउएनकिर्शे या चर्चच्या दर्शनी भागावर १५०९ सालचं घड्याळ आहे. बाराला त्यातले सात राजपुरुषांचे पुतळे निघतात आणि मध्ये बसलेल्या सम्राट चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या घालतात. सम्राट कोणी निवडायचा हे ठरवणाऱ्या १३५६च्या सनदेची ही आठवण. माझ्या बाबांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. 'सनद' हा शब्द आला आणि ते थांबेचनात. लेकही मान वर करून ऐकत राहिली.

खाली नाताळचा बाजार फुललेला. लाकडी दुकानं, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, अगदी जत्रेसारखी दाटी. इथल्या बोटाएवढ्या सॉसेजेस पावात तीन-तीन घालून देतात, त्यावर नवरा खूश. आई शाकाहारी, तिने साखरेत घोळवलेले गरम बदाम घेतले. लेबकुखेन, म्हणजे इथला मसालेदार केक, तिने खाल्लं नाही, कारण त्यात अंडं असतं. पण नुसत्या वासावरून दालचिनी, लवंग, वेलची बरोबर ओळखली. भोवतालच्या जंगलातला मध आणि व्यापारी वाटांनी आलेले मसाले या गावात एकत्र आले, म्हणून हा पदार्थ इथे रुजला. त्या काळी मसाला यायचा व्हेनिसमार्गे, आणि व्हेनिसला जायचा आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून. हे ऐकून आईचा चेहरा असा उजळला, की फोटो काढायचं भानच राहिलं नाही. लेकीने मात्र सुकवलेल्या आलूबुखाऱ्यांचा बाहुला पसंत केला. त्याचं डोकं अक्रोडाचं असतं.

इतकं सगळं डोळ्यांत मावत नसताना मी चर्चमध्ये शिरले. आत फरशीवर एक डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचं चिन्ह, आहे. आज बाजार भरतो तिथे १३४९पर्यंत ज्यूंची वस्ती होती. चौथ्या कार्लच्या संमतीने ती पाडली गेली, शेकडो माणसं मारली गेली आणि सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, जागी हे चर्च उभं राहिलं. ज्याच्याभोवती ते राजपुरुष फिरतात, तोच हा सम्राट! मला हे लेकीला सांगायचंच होतं. नऊ वर्षांची आहे, पण समजण्याइतकी मोठी आहे. तिने विचारलं, "मग तो अजून वर का बसलाय?" बाबाही गप्प झाले.

नाझींनी याच चौकाला हिटलरचं नाव दिलं होतं. २ जानेवारी १९४५च्या रात्री बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ संपलं. आज दिसणारी बहुतेक 'जुनी' घरं त्यानंतर बांधलेली आहेत. बाजार पुन्हा भरला १९४८ साली, तेव्हा आजूबाजूला अजून ढिगारेच असणार. माणसांनी त्या ढिगाऱ्यांतही दुकानं मांडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

किल्ल्याचा चढ आई-बाबांनी सावकाश पार केला. वर खडकात खोदलेली खोल विहीर आहे. वाटाड्या तिच्यात मेणबत्त्या सोडून खोली दाखवतो, ते चुकवू नका. आणि बाजार २४ डिसेंबरला दुपारीच आवरतात, त्यामुळे ऐन नाताळच्या दिवसाचं तिकीट काढू नका. निदान दोन-तीन दिवस आधी पोचा.