पुरचुंडीतली ऊब

रात्री मटकी उपसून, पाणी नीट निथळवून जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गच्च बांधायची आणि ती पुरचुंडी चाळणीत ठेवून वर ताट झाकायचे, ही आमच्या घरातली जुनी रीत आहे. सकाळी गाठ सोडताना हाताला किंचित ऊब लागते आणि फडक्याच्या विणीतून बाहेर आलेले पांढरे मोड न तुटता सोडवायला चांगलेच कसब लागते. ती ऊब म्हणजे रात्रभर श्वास घेणाऱ्या बियांची धग.

कडधान्य बाधते ते मुख्यतः त्यातल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या फोडणारे विकर आपल्या लहान आतड्यात नसल्याने त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि पोट नगाऱ्यासारखे होते. अंकुराला मात्र वाढण्यासाठी साखर हवीच असते; तो नेमक्या याच शर्करा फोडून वापरतो, म्हणजे आपल्याला बाधणारा घास तो आपल्याआधी खाऊन टाकतो. खनिजांना अडकवून ठेवणारे फायटिक आम्लही घटते, त्यामुळे लोह आणि जस्त अधिक अंगी लागते.

एवढे वाचून मी आठवडाभर रोज सकाळी वाडगाभर कच्चे मूग लिंबू पिळून खाल्ले आणि दुपारच्या शांत बैठकीत माझ्या पोटाने सर्वांच्या आधी मत मांडले. शर्करा कमी होतात, नाहीशा होत नाहीत, हे मी विसरले होते. शिवाय मोड आणणारी तीच ओलसर ऊब जिवाणूंनाही मानवते. जर्मनीत 2011 साली ई. कोलायची जी साथ पसरली, तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत पोहोचला. त्या साथीत 50 हून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून मी मोडांना वाफ दिल्याशिवाय राहत नाही, मग थोडे क जीवनसत्त्व गेले तरी चालेल.

वालांचा थाट वेगळाच. भिजवायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. पोट साफ ठेवणारा बराच चोथा सालीबरोबर जातो, हे खरे. पण श्रावणी सोमवारी उपवास सोडताना पानात डाळिंब्यांची उसळ असली की चोथ्याची चौकशी कोण करतो? फोडणीत हिंग तेवढा सढळ हाताने घालावा. यंदा सोलताना बशीत सात गणंग निघाले. दोन दिवस पाण्यात राहूनही ते खड्यासारखे टणकच होते.