मिशिगन सरोवर: आधी वारा बघा, मग किनारा ठरवा

पाण्यात पाऊल टाकल्याबरोबर आईने ओंजळ भरली आणि पाणी जिभेला लावून बघितलं. "अगं, खरंच गोडं आहे की हे!" समोर क्षितिजापर्यंत निळं पाणी, फुटणाऱ्या लाटा, पायाखाली बारीक वाळू. पलीकडच्या काठावर विस्कॉन्सिन राज्य आहे, पण तो काठ दिसत नाही. डोळे समुद्र म्हणतात आणि जीभ तळं म्हणते. ही गंमत आमच्या मनातून चारही दिवस गेली नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आई, नवरा, आठ वर्षांची लेक आणि मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, स्लीपिंग बेअर ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांच्या परिसरात राहून आलो. फ्रँकफर्ट, एम्पायर, ग्लेन आर्बर ही छोटी गावं एम-22 या रस्त्यावर लागतात. मधला बराचसा किनारा 1970 पासून 'राष्ट्रीय किनारा' म्हणून संरक्षित आहे. तिथे गाडीसाठी पास लागतो, तो आधीच काढून ठेवा.

पहिल्या दुपारी एम्पायरला पाणी इतकं सुखद होतं की लेक तीन तास बाहेर आली नाही. दुसऱ्या सकाळी तोच किनारा, तसंच ऊन, पाणी तर आदल्या दिवसापेक्षा शांत. आत गेलो आणि घोट्यापासून कळ आली, बर्फात पाय घातल्यासारखी. रात्रीतून वारा फिरला होता. उन्हाने तापतो तो पाण्याचा फक्त वरचा थर. वारा उत्तरेकडून किंवा जमिनीवरून वाहू लागला की हा थर काठापासून दूर, सरोवरात आत ढकलला जातो आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. सरोवराची जास्तीत जास्त खोली 281 मीटर आहे, त्यामुळे थंड पाण्याला तोटा नाही. पश्चिमेचा वारा सुटला की ऊबदार पाणी पुन्हा या पूर्वेकडच्या काठाला येतं. म्हणून सकाळी हवामानाच्या अंदाजात पाऊस बघण्याआधी वाऱ्याची दिशा बघा.

जमिनीवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा दुसरा धोका मला जास्त भीतीदायक वाटतो. काठाजवळ पाणी आरशासारखं दिसतं आणि आपण मुलांना हवेच्या गादीवर, ट्यूबवर निवांत सोडतो. तोच वारा ती गादी बघता बघता आत नेतो. अशा दिवशी फुगवलेल्या वस्तू गाडीतच ठेवा. राष्ट्रीय किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. शिवाय गोड्या पाण्यात शरीर खाऱ्या पाण्याइतकं तरंगत नाही, हे समुद्रात पोहायची सवय असलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

त्या थंड दिवशी आम्ही नॉर्थ बार लेक गाठलं, आणि मुलं बरोबर असतील तर माझं मत याच जागेला. हे उथळ, कोमट, लहानसं तळं मोठ्या सरोवराला एका चिंचोळ्या प्रवाहाने जोडलेलं आहे. लेक तळ्यात डुंबत होती आणि आई प्रवाहात पाय सोडून बसली होती. पार्किंग अगदी लहान आहे, सकाळी लवकरच पोहोचा.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेचा वारा जोरात होता. पाणी ऊबदार झालं, पण लाटा एकामागोमाग एक, श्वास घ्यायला उसंत न देणाऱ्या. आम्ही आत गेलो नाही. राज्य उद्यानांच्या किनाऱ्यांवर झेंडे असतात. लाल असेल तर पोहू नका, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायलाच मनाई. धक्क्याच्या भिंतीलगत तर झेंडा हिरवा असतानाही जाऊ नका, भिंतीच्या कडेने पाण्याची ओढ असते.

मग वाळूच्या टेकड्या केल्या. 'ड्यून क्लाइंब'ची पहिली चढण चढलं की सरोवर पलीकडेच असेल असं वाटतं. तसं नाही. पाण्यापर्यंत जाऊन परत यायला साडेपाच किलोमीटर वाळू तुडवावी लागते, तीन-चार तास जातात, वाटेत सावली नाही. बूट आणि भरपूर पाणी हवंच. पीअर्स स्टॉकिंग रस्त्यावरच्या सज्जातून 450 फूट खाली पाणी दिसतं. उतार बघून धावत सुटावंसं वाटतं, पण वर येताना अनेकांचा दम संपतो आणि सुटका करायला माणसं बोलवावी लागतात. आम्ही वरूनच बघितलं, आणि मन भरलं.

संध्याकाळी घाईने परतू नका. सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, आणि त्यानंतर गार वारा सुटतो, तेव्हा स्वेटर जवळ असू द्या.

शेवटच्या संध्याकाळी लेकीला पेटोस्की दगड सापडला. कोरडा असताना साधा करडा, पण पाण्यात बुडवला की षटकोनी नक्षी उमटते. 35 कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या प्रवाळांचा तो जीवाश्म. राष्ट्रीय किनाऱ्यावरून दगड न्यायला बंदी आहे, हे तिला सांगितलं तेव्हा ती हिरमुसली. आजीने तिच्या हातावर पाणी ओतलं, ओल्या दगडाचा फोटो काढला, आणि मग दोघींनी तो जिथे मिळाला होता तिथेच पाण्यात ठेवला.