तीस मिनिटं

रात्रीचे साडेअकरा झालेत. पडून पाहिलं, झोप लागेना, म्हणून उठून लिहायला बसले. कारण इतकं बारीक आहे की सकाळी कुणाला सांगायची वेळ आली तर मला सांगता येणार नाही.

धाकटीनं संध्याकाळी तंजावरची एक्सेल शीट ग्रुपवर टाकली. पोंगलची गर्दी ओसरल्यावरचे पाच दिवस. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, म्हणून याच आठवड्यात सगळं पक्कं करायचंय. चेन्नईहून रात्रीची गाडी, पहाटे तंजावर. पहिल्या दिवशी राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, मान हलवणाऱ्या बाहुल्यांची खरेदी. दुसऱ्या दिवशी मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर. मग कुंभकोणम, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम आणि परतताना श्रीरंगम. नेटकं काम केलंय पोरीनं. देवळं दुपारी साडेबारा ते चार बंद असतात, तेही धरून आखलंय.

आणि दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात एक ओळ: शिलालेख (मराठी), १२.०० ते १२.३०.

तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांना अडीच तास आहेत. मी मोजले. नको होते मोजायला.

दादानं लगेच लिहिलं, ‘मस्त, फायनल करा.’ वहिनींनी विचारलं, ‘सगळ्यांना चालेल ना?’ आणि मी अंगठा टाकला. तेव्हापासून हे चाललंय. पोळ्या करताना तीस मिनिटं, ओटा पुसताना तीस मिनिटं. या घरात माझ्या कुठल्या गोष्टीला कधी तीस मिनिटांच्या वर मिळालंय, इथपर्यंत मन गेलं. नंतर वहिनी फोनवर सहज म्हणाल्या, ‘अगं, तो मजकूर पुस्तकात छापलाय म्हणालीस ना तूच? मग घरी बसून वाचता येईल की.’ त्या चुकीचं बोलल्या नाहीत. पण फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

मोडी लिपीच्या वर्गात माई आणि मी शेजारी बसायचो. तंजावरला आधी त्यांच्याबरोबरच जायचं ठरलं होतं. राहिलं ते.

तो लेख मोडीत नाही, देवनागरीत आहे. म्हणजे शाळकरी पोरालाही अक्षर लावता येईल. आवाराच्या भिंतीवर, नैर्ऋत्येच्या बाजूला, तंजावरच्या भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरलाय. सरफोजी राजे, दुसरे, १७९८मध्ये गादीवर बसले. पुढच्याच वर्षी, १७९९मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला आणि मुलखाचा कारभार हातातून गेला. उरला किल्ला, राजवाडा आणि तनखा. हा लेख १८०३चा. मधली चार वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. ज्यानं राज्य घालवलं किंवा ज्याचं राज्य काढून घेतलं (मला दोन्ही म्हणवत नाही), तो माणूस बसतो आणि ठरवतो की आपण कोण, कुठून आलो, व्यंकोजी राजे इकडे कसे आले, हे सगळं दगडावर घालायचं. कागदावर नाही. कागद तर त्यांच्याकडे हवे तेवढे होते, ग्रंथांवर त्यांचा जीव होता. तरी दगडच.

आणि जागा कुठली, तर राजराज चोळाचं देऊळ. १०१०मध्ये पुरं झालेलं. त्याच्या चौथऱ्यावर आणि आवाराच्या भिंतींवर राजराजाचे तमिळ लेख आहेत: कोणी काय दान दिलं, बहीण कुंदवै हिनं काय दिलं, देवळाच्या सेवेला आणलेल्या चारशे नर्तकींची नावंसुद्धा. चारशे बायकांची नावं, एकेक. त्यांच्या देवळात, आठशे वर्षांनी, आमचे लोक आपली नावं घेऊन आले. दरबारात मराठी चालत असेल, पण देवळात येणारा माणूस तमिळ. त्यानं ही भिंत पाहिली असेल, हात जोडून पुढे गेला असेल. मग हे लिहिलं कुणासाठी? मला तिथे उभं राहून एवढंच बघायचंय, की वाचताना ते आपल्यासाठी लिहिलंय असं वाटतं का. हे तीस मिनिटांत कळेल की नाही, मला माहीत नाही. दिवसभर बसूनही कळणार नाही कदाचित. लेख प्रचंड मोठा आहे, पुरता वाचून होणारच नाही माझ्याच्यानं.

हे वाक्य लिहिलं आणि थांबले. चहा करून आणला.

शीट पुन्हा उघडली. ‘शिलालेख (मराठी)’. हे धाकटीला सांगितलं कुणी? प्रवासी कंपनीच्या ज्या यादीवरून तिनं सुरुवात केली, ती तिनंच मला आधी पाठवली होती. तिच्यात मोठं देऊळ होतं, नंदी होता, शिलालेखाचं नावही नव्हतं. दादाला त्याचा पत्ता नाही, वहिनींना माझ्या बडबडीतून जेवढं कळलं तेवढंच. म्हणजे मी कधीतरी, बहुतेक भाजी निवडताना, बोलले असेन आणि कानात इअरफोन घालून बसलेल्या या मुलीनं ते ऐकलं होतं. चार जणांच्या पाच दिवसांत जागा शोधून तिनं ते बसवलं. आणि मी संध्याकाळपासून तिच्यावर मनातल्या मनात रुसून बसलेय. वहिनींनी विचारलं तेव्हा तोंड उघडून सांगितलं असतं तर धाकटीनं तासही केला असता. अंगठा मीच टाकला.

बाराची वेळ मात्र तिची चुकलीच. जानेवारीतसुद्धा त्या आवाराचा दगड दुपारी तापतो, अनवाणी उभं राहवणार नाही. आणि साडेबाराला दरवाजे लावायची घाई.

देऊळ सकाळी सहाला उघडतं. हॉटेल जवळच आहे. उजाडेपर्यंत साडेसहा होतील, तोवर बॅटरी लागेल. दादा आठच्या आत उठत नाही, वहिनींची पूजा असते. मला कुणाची सोबत नको. सोबत हवी होती ती... असो.

बारा चाळीस. शीटमध्ये दुसऱ्या दिवसाच्या वर एक नवी ओळ घातली: सकाळी ६ ते ८, शिलालेख, मी. ‘मी’च्या पुढे ‘एकटी’ लिहिलं, मग खोडलं. मिनिटभरात धाकटीचं नाव वर दिसलं, तीही जागी आहे. तिनं काही लिहिलं नाही, फक्त माझ्या ओळीला पिवळा रंग दिला. ती बुकिंगच्या ओळींना देते तोच.

बाराची तीस मिनिटं मी काढली नाहीत. तापला दगड तर मोजे घालीन. तोवर सुरुवात कुठल्या ओळीपासून होते ते मला ठाऊक झालेलं असेल, ती ओळ धाकटीला बोट लावून दाखवता येईल.