टीटी-02: सेंटर सापडला एकदाचा!

हुश्श! माझी टीटी-02 (टामियाची रिमोटवर चालणारी छोटी गाडी) सरळ जातेय. मागच्या वेळचं रडगाणं आठवत असेलच: उजवं वळण घेऊन स्टिअरिंग सोडलं की गाडी उजवीकडेच ओढायची, डावं घेतलं की डावीकडे. आता ट्रिम (रिमोटवरून मधल्या जागेची बारीक दुरुस्ती) द्यायचा तरी कुठल्या बाजूला?

तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांनी सर्व्होवर (चाकं वळवणारी मोटर) बोट ठेवलं होतं, म्हणून 20 किलोवाला (म्हणजे 20 किलो-सेंमी टॉर्कचा) मेटल गिअर सर्व्हो चढवला. फरक शून्य. मग रेडिओ चालू ठेवून पुढची चाकं हातानं जराशी उजवीकडे ढकलून सोडली. तिथेच राहिली. डावीकडे ढकलली, तिकडेच राहिली. सर्व्होच्या दांड्यावरचा हात, म्हणजे हॉर्न, मात्र जागचा हलला नाही! म्हणजे सर्व्हो बिचारा इमानानं 1500 मायक्रोसेकंदांच्या मधल्या सिग्नलवर उभा, घोटाळा सगळा त्याच्या पुढे. लिंक (जोडदांडी) काढून बेलक्रँक (सर्व्होची हालचाल चाकांकडे नेणारा फिरता तुकडा) बोटानं फिरवला तर कुरकुर. फोंड्याच्या मैदानातली तांबडी धूळ ग्रीसमध्ये कालवून तिथे चक्क उटणं तयार झालं होतं.

सगळं खोलून धुतलं नि कोरडंच बसवलं. आपल्या मातीत उघड्या सांध्याला ग्रीस लावणं म्हणजे धुळीला आवतण, कोणी काहीही म्हणो. चाकं हलकी झाली, पण 2 मिमीची ढिलाई उरलीच. ती किटमधल्या सर्व्हो सेव्हरची (धक्का सोसून सर्व्हो वाचवणारा लवचीक हॉर्न). एवढ्या दमदार सर्व्होपुढे आधी तोच लवतो, मग चाकं वळतात, आणि परतताना वाटेतच रेंगाळतो. तो काढून तात्पुरता साधा हॉर्न लावला आणि सेंटर टक्क!

हॉर्नची एक गंमत. सर्व्होच्या दांड्याला 25 दात म्हणजे दाताला 14.4 अंश, त्यामुळे हॉर्न आणि लिंकचा काटकोन नेमका क्वचितच बसतो. सबट्रिमनं (रिमोटच्या सेटिंगमधून मध्य सरकवून) ओढून आणला तर एका बाजूचं वळण आखडतं. पण पाकिटातला चार हातांचा हॉर्न घ्या. 25 ला 4 नं भाग जात नाही, म्हणून प्रत्येक हात पाव दातानं वेगळा पडतो. चारही लावून बघा, एक जवळपास काटकोनात येतोच. उरलेलं टर्नबकलवर (लांबी कमीजास्त करता येणारी दांडी). माझा सबट्रिम आता जवळजवळ शून्यावर आहे, एपीए (चाक कुठवर वळेल ती मर्यादा) दोन्हीकडे सारखा. बघत बसावंसं वाटतं!

नवं दुखणं: फुल थ्रॉटलवर झटकन वळवलं की रिसीव्हर क्षणभर मरतो. बीईसीला (बॅटरीतून रिसीव्हर-सर्व्होला वीज देणारं सर्किट) हा सर्व्हो झेपत नाहीये. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर 2200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलाय (प्लस-मायनस बघून, रे बाबांनो!), त्यानं बरंचसं भागलं. खरा इलाज वेगळा 6 व्होल्टचा यूबीईसीच (बाहेरून जोडायचा सुटा बीईसी). एका ऑनलाइन विक्रेत्यानं 5 व्होल्टचा पाठवलाय, तो परत जाईल. स्क्रू मात्र म्हापशाहून स्टेनलेसचेच आणले. आपल्या खाऱ्या हवेत काळे स्क्रू पावसाळा काढत नाहीत.

पुढचा बेत अॅल्युमिनियम बेलक्रँकचा होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, ते पैसे आधी हाय टॉर्क सेव्हरला घालावेत. बिनसेव्हरची गाडी चिऱ्यांच्या गडग्याला एकदा भिडली की सर्व्होचे दात गेलेच. बेलक्रँकची ढिलाई सध्या शिमवर (पातळ चकती) भागवतो. कोणी 20 किलोवाल्यावर तो सेव्हर लावलाय का? चॅसिसला घासतो काय?