तुम्ही विचारलंत म्हणून: ती जहाजं वर का काढत नाहीत?

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या महासरोवरांच्या तळाशी एकोणिसाव्या शतकातली काही शिडाची जहाजं अजून डोलकाठ्यांसकट उभी आहेत. ह्युरन सरोवरातलं १८७५ साली बुडालेलं 'कॉर्नेलिया बी. विंडिएट' त्यातलंच. फोटो पाहिले की हा प्रश्न हमखास येतो: इतकी शाबूत आहेत, तर वर काढून संग्रहालयात का ठेवत नाहीत?

एक काढलं होतं. 'अल्विन क्लार्क' जून १८६४ मध्ये मिशिगन सरोवराच्या ग्रीन बेमध्ये वादळी झोताने कलंडलं. १९६७ साली कोळ्याचं जाळं त्याला अडकलं आणि ठिकाण कळलं. पाणबुड्यांनी, म्हणजे डायव्हर्सनी, आतला गाळ उपसला, बुडाखालून पोलादी दोर ओवले आणि १९६९ मध्ये ते वर आणलं. पाणी उपसल्यावर जहाज स्वतःच्या बळावर तरंगलं! पण लाकडावर प्रक्रिया करायला पैसा नव्हता. उघड्या हवेत ते वर्षानुवर्षं कुजत गेलं आणि १९९४ मध्ये तोडून टाकावं लागलं.

असं का होतं, ते लाकडातच आहे. समुद्रात जहाजं पोखरणारा किडा, म्हणजे शिपवर्म, गोड्या पाण्यात जगत नाही. शिवाय खोलवर पाणी बारमाही चार अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे जिवाणूंचं काम फार सावकाश चालतं. चालतं मात्र नक्की. ते लाकडातला सेल्युलोज हळूहळू संपवतात, रिकाम्या जागेत पाणी शिरतं, आणि उरलेला लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाचा, सांगाडा त्या पाण्याच्या आधारावर आकार धरून राहतो. फळी दिसते धडधाकट, पण ती पाण्याने तोललेली असते. वाळताना पेशींच्या भिंती आत ओढल्या जातात आणि कोसळतात. मग फळी आक्रसते, पिळवटते, तडकते. ती पुन्हा भिजवून पूर्ववत होत नाही.

उपाय आहे. लाकूड क्षणभरही वाळू न देता त्यातल्या पाण्याच्या जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ मुरवायचा. स्वीडनचं 'वासा' हे बुडालेलं युद्धजहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर त्याच्यावर याचा फवारा सतरा वर्षं चालला. त्यानंतर सावकाश सुकवणं आणि दालनातली आर्द्रता कायम काबूत ठेवणं. एवढी सोय आधी उभी नसेल तर दोर ओवूच नयेत, असं आमचं ठाम मत आहे.

पण तळाशीही आता निर्धास्त राहता येत नाही. मालवाहू जहाजांच्या बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या, पाण्यातून आलेले झेब्रा आणि क्वागा शिंपले १९८० च्या दशकाअखेरपासून महासरोवरांत पसरले. ते फळ्यांवर थरावर थर चढवतात, वजनाने कमकुवत भाग तुटतात, आणि थराखाली लोखंडी खिळे लवकर गंजतात. म्हणून आज खरी निकड आहे ती जागेवरच शेकडो फोटो काढून त्यांवरून त्रिमितीय नोंद करण्याची, आणि पाणबुड्यांच्या बोटींसाठी कायमचे बोये, म्हणजे बोट बांधायचे तरंगते गोळे, बसवण्याची, कारण एक नांगर डेकची फळी सहज उखडतो. सुपीरियर सरोवरात कॅल्शियम कमी असल्यामुळे शिंपले फारसे माजलेले नाहीत. घाई आहे ती मिशिगन आणि ह्युरनमध्ये.